रागावल्याशिवाय न चालणारी सुरी

भांड्यांच्या कारखान्यात हा जावई म्हणजे मुठींचा माणूस. कढईची मूठ, झाऱ्याची मूठ, सुरीची मूठ, सगळ्या याच्याच डोक्यातून निघायच्या. स्वभावाने मात्र इतका घुम्या, की शेजारणी म्हणायच्या, याच्या तोंडालाही मूठ बसवलीय आणि ती बायकोच्या हातात आहे.

सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. बोटं आखडली तशी त्यांच्या हातातून सुरी निसटायला लागली. लेक म्हणाली, आई, तू बस आता, मी चिरते. झालं. स्वयंपाकघरातून आपली उचलबांगडी होणार, अशी धास्तीच घेतली बाईंनी.

जावयाला कणव आली. त्याने कारखान्यातला स्कॅनर घरी आणला. तो हाताचं माप घेणार, मग थ्रीडी प्रिंटर त्याच मापाची मूठ काढून देणार. आधी हा लाकूड तासून मूठ करायचा, ती कुणाच्याही हातात बरी बसायची. ही एकाच हातात बसणार, पण अगदी केसाच्याही फरकाशिवाय. स्वारी खूश.

माप घेताना सासूबाई भडकल्या. "मी काय चोरी केलीय, हाताची झडती घेताय ती?" यंत्र बिचारं इमानी. त्याने रागाने वळलेली मूठच टिपली.

नवी सुरी आली, तर हातात बसेना. बाई हिरमुसल्या. तेवढ्यात जावई पुटपुटला, की कांदा जरा बारीक चिरत जा. बाईंचा पारा चढला, बोटं वळली आणि सुरी अशी काही बसली, की बघता बघता टोपलीभर कांद्याचा भुगा.

तेव्हापासून घरात एक नवं काम निघालं, सकाळी आईंना चिडवायचं. लेकीला ते जमेना, तिला मेलीला हसूच फुटायचं. मग ड्युटी जावयाकडे. लग्नापासून सासूशी 'हो' आणि 'बरं' यापलीकडे न बोललेला माणूस, आता दात घासता घासता खुसपटं शोधायचा. तुमचं घोरणं, तुमच्या भावाचं टक्कल. दुधी निबर निघाला, तर अख्ख्या माहेराचा उद्धार करावा लागे.

पण कारागिराला चैन कुठली? राग आल्याशिवाय चालत नाही ती सुरी म्हणजे सदोष माल. दुपारी बाई झोपलेल्या असताना त्याने हळूच पुन्हा माप घेतलं. ही मूठ हातात लोण्यासारखी बसली. बाईंनी दोन काकड्या चिरल्या आणि तिसरीला बसल्या जागी पेंगायला लागल्या.

लेकीने हातातली सुरी काढून घेतली. जावई ओशाळला.

"आई, जागेपणी जरा शांत बसा. आणखी एक करतो. मग रोज तुम्हाला चिडवायला नको."

बाईंनी हात पदराआड घेतला. मग म्हणाल्या, "आणि सकाळी माझ्याशी बोलाल काय, जावईबापू?"

त्याने ताटातली एक फोड उचलून उजेडात धरली.

"आई," तो म्हणाला, "या काकड्या तुम्ही चिरल्यात, की उंदराने?"

सासूबाईंनी खण उघडून पहिली सुरी काढली. बोटं केव्हाच वळली होती.