मर्यादेत बसवणारा माणूस

बाटली उजेडाकडे धरायची, डावा डोळा मिटायचा, आतलं पाणी एकदा हलवायचं आणि म्हणायचं, "सरी, बसतंय!"

काय बसतंय? तर कारखान्याचं सांडपाणी नियमाने घालून दिलेल्या मर्यादेत बसतंय. तेही बाटली प्रयोगशाळेत जायच्या आधीच. शिंप्याने गिऱ्हाइकाच्या पाठीला झब्बा लावून बघावा तसं हा माणूस विष नुसत्या डोळ्यांनी मापायचा. सैल-घट्ट वाटलं तर बसवून द्यायचा. धंदाच तो होता त्याचा.

तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. प्रत्येक शहर आपापला पाळतं. आमच्या बंगळूरचा सरकारी कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता आणि निवृत्त झाल्यावर 'पर्यावरण सल्लागार' झाला. पर्यावरणाला त्याने कधी सल्ला दिला नाही. दिला तो ते नासवणाऱ्यांना. इंदिरानगरात घर, दारात तुळस आणि पांढरी फियाट. घराणं तीन पिढ्या इकडचं, त्यामुळे मराठीत कन्नड असं मुरलेलं, की त्याचं त्यालाही कळत नसे. "स्वल्प लवकर ये." "सुम्ने वाद घालू नको." सुम्ने म्हणजे उगाच, आणि बाटलीपुढचं ते 'सरी' म्हणजे ठीक. सगळे त्याला अण्णा म्हणत. मीही म्हणत असे. जिभेला लागलेलं वळण, दुसरं काय!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरहून येऊन एका लहान संघटनेत काम करत होते. पत्रकं लिहायची, छापायची, फाटकाफाटकावर वाटायची. मराठी मंडळात तो मला लांबूनच हाक मारायचा, "काय पत्रकवाली, आज कोणाला गाडलंस?"

"तुमच्याच शेडला, अण्णा."

"गाड, गाड. तेवढंच आमचं नाव होतं."

ज्या शेडचा तो सल्लागार होता, ती नळांवर क्रोमचा चकचकीत मुलामा चढवायची. धुण्याचं पाणी, वापरून झालेलं आम्ल, सगळं शहराच्या गटारात. ते गटार पुढे शुद्धीकरणाच्या टाक्यांना जातं. तिथे घाण खाणारे जिवाणू असतात आणि क्रोमियम त्यांना मारतं. म्हणून तर मर्यादा. एकदा मंडळाच्या पंगतीत मी हे त्याला सांगायला गेले, तर हसला.

"अगं, नियम काय म्हणतो? लिटरमागे इतके मिलिग्रॅम. लिटर किती सोडायचे ते म्हणतो का? नाही ना! मग नमुना घ्यायला सरकारी साहेब येणार म्हटलं, की बोअरवेल सोडायची नाल्यात. पाणी वाढलं की आकडा पडतो."

"पण विष तेवढंच राहतं ना?"

"विषाचं कोण विचारतंय? आकड्याचं विचारतात." आणि माझ्या पोळीवर तूप वाढलं. "खा. भांडायला ताकद लागते."

तुम्ही म्हणाल, माणूस मोकळा होता. होता ना! निर्लज्ज माणसं मोकळीच असतात. लपवायला आधी लाज लागते.

पण एक सांगितलं पाहिजे. मला कावीळ झाली तेव्हा रोज दुपारी मऊ भाताचा डबा घेऊन यायचा तो. जिना चढताना धापा टाकायचा. मी आडवी पडून त्याच्याविरुद्धचं पत्रक लिहीत असे, तर शेजारी बसून त्यातलं शुद्धलेखन सुधारायचा. "'दूषित'मधला दू दीर्घ." धड तिरस्कारसुद्धा करू देत नाहीत अशी माणसं. मी तरी नेटाने केला.

कारण शेडच्या मागे एक गल्ली होती. आम्ल पिऊन पिऊन गटाराचे पाइप कुजले होते आणि ते बरोबर त्या गल्लीखाली गळत होते. गल्लीतल्या हातपंपाचं पाणी पिवळसर यायला लागलं. भात शिजवला तर भात पिवळा. तिथली गौरम्मा घरात बसून उदबत्त्या वळायची. तिच्या सुनेच्या हातांवरचे फोड काही केल्या भरेनात. आमची मागणी साधी होती : पंप तपासा आणि गल्लीला दुसरं पाणी द्या. अण्णाने शेडच्या वतीने सगळीकडे एकच उत्तर दिलं, "सुम्ने ओरडतात. जमिनीत लोखंड आहे, त्याचा रंग. पाणी उत्तम आहे." त्या गल्लीत त्याने तोवर पाऊलही टाकलं नव्हतं.

मग एक गंमत झाली. साहेब नमुना घेणार होते. अण्णाने नेहमीप्रमाणे बोअरवेल सोडायला लावली, बाटली उजेडाला धरली, "बसतंय" म्हणाला. आणि आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला!

मी सांगते काय झालं ते. शेडची बोअरवेल आणि गल्लीचा पंप एकाच जमिनीतलं पाणी ओढत होते. यांनी विषात पाणी घातलं, पण त्या पाण्यातही यांचंच विष होतं. पातळ करायला चांगलं पाणी शिल्लकच ठेवलं नव्हतं. साऱ्या हिशेबात एवढंच धरायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आमच्या कचेरीत हजर. घामाघूम. मला वाटलं, आता तरी उमगलं असेल.

"पत्रकवाली, ते तुझं पत्रक दे गं. पंपाचं पाणी विषारी आहे म्हणून लिहिलं होतंस ते."

"कशाला?"

"दाखवायचंय. जमिनीतलं पाणीच बिघडलेलं आहे, मग आमच्या नाल्यात दोष कसा?"

काल जे पाणी उत्तम होतं, ते आज त्याला विषारी हवं होतं.

"अण्णा, ते बिघडवलं कोणी?"

"ते वेगळं प्रकरण. आता सुम्ने तत्त्वज्ञान नको."

पत्रक मी दिलं नाही. "सरी," म्हणाला, "मीच पंपाचा नमुना आणतो." आणि निघाला. मीही मागोमाग गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. त्याच्या त्या बाटलीचा उपयोग झाला. शेडला मुदत मिळाली. पंपाला तांबडा रंग फासून 'पिण्यास अयोग्य' असं लिहिलं. दुसरं पाणी मात्र गल्लीला कोणी दिलं नाही. बायका हमरस्ता ओलांडून पलीकडच्या वस्तीतून पाणी आणायच्या तशाच आणत राहिल्या. अण्णा पुढे मुलाकडे परदेशी गेला, तिकडेच वारला. मंडळाच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं. माझ्याकडे दोनच होते, आणि ते सभेत बोलण्यासारखे नव्हते.

मला तो दिसतो तो त्या दुपारचा. पंपावर बाटली भरून झाली होती. गौरम्माला वाटलं, अखेर कोणी साहेब आपल्या पंपाची दखल घ्यायला आला. तिने त्याला घरात बोलावलं, चटई झटकून टाकली आणि इकडच्या रीतीप्रमाणे ताटलीत गुळाचा खडा आणि पेलाभर पाणी पुढे ठेवलं.

अण्णाने गूळ तोंडात टाकला. पेल्याकडे पाहिलं. हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. मग त्याने तोच हात रुमालाला पुसला.

गौरम्मा हसून म्हणाली, "पंपाचं नाही, अण्णा. घ्या. सकाळी रस्त्यापलीकडून आणलंय."

"हो हो. तहान नाही," अण्णा म्हणाला आणि चपला शोधायला लागला.

ती दारापर्यंत पोचवायला आली, हात जोडले, "पुन्हा या" म्हणाली. मग आत गेली, पेला उचलला आणि एक थेंबही सांडू न देता पाणी परत घागरीत ओतलं.