न वाजवलेला पंचम

शनिवार, १८ जानेवारी २०२५, पहाटे पाच वाजून बेचाळीस मिनिटे. खोलीचे तापमान अकरा अंश. एवढी नोंद करून मी पियानोसमोर बसले. लष्करी छावणीतल्या एका निवृत्त शिक्षिकेकडून आमच्या घरी आलेले हे वाद्य जुने असून त्याचे सगळेच स्वर किंचित उतरलेले आहेत. थंडीत ते आणखी हलतात. मोजल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही.

मला ललत वाजवायचा होता. हा राग माझ्या आत्याचा. वडिलांची ही थोरली बहीण आयुष्यभर जबलपुरात गाणे शिकवत आली. आदल्या वर्षी थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली आणि गळा गेला. बोलता येई, गाता येत नसे. तिच्या गुरूंनी शिकवलेला ललत ध्वनिमुद्रित करायचा नाही, ही त्यांची अट तिने कसोशीने पाळली होती, आणि तिचा एकही शिष्य त्या रागापर्यंत पोहोचला नव्हता. फेब्रुवारीत मी संशोधनासाठी परदेशी जाणार होते. तोवर हा ललत माझ्या हाती आला नसता, तर तिच्यापाशीच संपला असता.

ललताची स्वररचना विलक्षण आहे. एरवी बहुतेक रागांत मध्यम एकच असतो, शुद्ध किंवा तीव्र. येथे दोन्ही लागतात, तेही एकाला एक चिकटून. आणि ज्या पंचमाच्या आधारावर इतर राग निर्धास्त उभे असतात, तो येथे पूर्णतः वर्ज्य. नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलाचा मधला खांब काढून घ्यावा आणि वाहतूक तशीच चालू राहावी, तसे मला ते वाटे. आत्याचा षड्ज काळी पाचचा, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीचा. तेथून मोजून मी प्रत्येक पट्टी निश्चित केली आणि निर्दोष वाजवली.

आत्या शाल गुंडाळून, चहाचा कप घेऊन दाराशी आली.

"काय वाजवून राहिलीस गं?"

"ललत."

"अच्छा? मला वाटलं, भाजीची यादी वाचून राहिलीस."

"काहून? एकही स्वर चुकलेला नाही."

"स्वर नाही चुकले, सायंटिस्ट बाई. घर चुकलं. डावा हात बघ आपला."

मी पाहिले. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये लागलेल्या सवयीने डावा हात खाली षड्ज-पंचम धरून बसला होता. उजव्या हातातून हद्दपार केलेला स्वर मी डाव्या हाताने सतत वाजवत होते. ललतासाठी तानपुऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवतात, हे मला ठाऊक होते; ती बाब तानपुऱ्याची समजून मी पियानोपर्यंत आणलीच नव्हती.

एक बोट पंचमाच्या पांढरी चारवरून मध्यमाच्या काळी दोनवर सरकवले. बस, तेवढेच. उजव्या हातातले स्वर तेच राहिले आणि त्यांचा अर्थ पालटला. शुद्ध मध्यम मुक्कामाची जागा झाला, षड्ज दूर गेला, आणि तीव्र मध्यम लागताच माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

आत्याने कप ठेवला आणि तळहात उचलला. स्वर किती वर, किती खाली, हे ती आता हातानेच दाखवी. "तुझ्या पेटाऱ्यात मींड नाही, सूर घसरत नेता येत नाही, ठीक. पण वरचा मध्यम लागेपर्यंत खालचा सोडू नको." मी तसे केले. दोन्ही मध्यम क्षणभर एकमेकांत मिसळले. तिचा हात हवेतच थांबला.

"पंचम कोण वाजवून राहिलंय?"

कोणीच नव्हते. माझा पाय तेवढा पेडलवर होता आणि त्यामुळे सगळ्याच तारा झंकारायला मोकळ्या होत्या. मी तिला दाखवले: पेडलवरचा पाय काढून वरची पांढरी चार इतकी हळू दाबली, की हातोडी तारेला लागलीच नाही; मग काळी पाच वाजवून लगेच सोडली. षड्ज विझला. न वाजवलेला पंचम मात्र झंकारत राहिला.

"सा-ची तार तीन भागांतही थरथरते, आत्या. तो तिसरा हिस्सा म्हणजे वरचा पंचम."

"म्हणजे इतकी वर्षं मी याला बाहेर ठेवला, अन् हा सा-मध्येच बसून होता? चोर कुठला!"

पदवीच्या पहिल्या वर्षापासून हे सूत्र मी सोडवत आले होते. त्याला कोणी चोर म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

"गळ्यातल्या सा-मध्ये पण असतो?" तिने विचारले.

नियमाने असायला हवा, असे मी म्हणाले. आताच्या तिच्या गळ्याबद्दल मला खात्री नव्हती. पियानोचे वरचे झाकण उघडले, पंचमाची तीच पट्टी निःशब्द दाबून धरली. आत्या वाकली आणि वर्षभरात प्रथमच तिने षड्ज लावला. आवाज घोगरा, मधेच तुटणारा. श्वास संपताच तो थांबला. आत, अंधारात, तार बोलत होती.

तिने कान तारांजवळ नेला.

"मोज," ती म्हणाली. "मशीन लाव."

"पण अट?"

"अट ललतची होती. हा तर नुसता सा आहे. अन् ललत तू बोटांत घेऊन जा. उद्यापासून याच वेळी बस. जायच्या आत पुरा करू."

मी फोनवरचे कंपने मोजणारे अ‍ॅप सुरू केले आणि फोन तारांजवळ धरला. तिने पुन्हा षड्ज लावला, आणि तो थांबल्यावर पडद्यावर उमटलेला पंचमाचा आकडा मी लिहून घेतला: ६९२.२ हर्ट्झ.