गुलाबी किनारीची चादर

आमच्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात एक बाई आहे, तिला सगळे घडीताई म्हणतात. चादरीची घडी तिच्याइतकी नेटकी कोणी घालत नाही. मी इथली मुकादम. एकवीस वर्षं मळक्या चादरी आणि त्याहून मळकी माणसं बघत आले, तेव्हा माझं कौतुक स्वस्त नसतं. घडीताईला जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे. वय तेहतीस, बोलणं थोडं जड, आणि चिडली की समोरच्याची धडगत नाही.

चिडते ती एकाच गोष्टीवर. आमच्याकडे प्रत्येक वॉर्डाच्या चादरीला वेगळ्या रंगाची किनार असते. पोटाच्या ऑपरेशनवाल्यांना, मग बाई असो की पुरुष, निळी, बायकांच्या आजारांच्या वॉर्डाला गुलाबी, लहान मुलांना पिवळी. निळ्या गठ्ठ्यात एखादी गुलाबी गेली की घडीताई अख्खा गठ्ठा उपसून पुन्हा लावायला लावते. आम्ही हसायचो. चादर ती चादर, अंगावर आली म्हणजे झालं.

तिचा दादा मुख्याध्यापक. आईवडील गेल्यावर त्यानेच हिला सांभाळलं, आणि हे तो कोणाला विसरू देत नाही. समोर माईक दिसला की त्याचा गळा भरून येतो. दोन वर्षांपूर्वी घडीताईने आमच्या लिफ्टवाल्याशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा मला वाटलं, हा आता आकांडतांडव करणार. तर हा चटकन हो म्हणाला. रजिस्टर लग्नात साक्षीदार झाला, फोटोत नवरा-नवरीच्याही पुढे उभा राहिला. मुलाबाळांचं कोणी विचारलं तर हळूच म्हणायचा, "अशांना होतच नाहीत हो, तो प्रश्नच नाही." केवढं मोठं मन, म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्या लोकांत मीही होते, हे आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

मग या वर्षी एकदा जेवणाच्या सुट्टीत घडीताई मला म्हणाली, "बाई, दोन वर्षं झाली. मला बाळ का होत नाही?"

मी दादाचंच वाक्य पुढे सरकवलं. तिला ते पटलं नाही. चार दिवस तिने माझा पिच्छा पुरवला, शेवटी मी तिला बायकांच्या वॉर्डातल्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

"होत नाहीत असं कोणी सांगितलं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुरुषांना सहसा होत नाहीत. बायकांचं तसं नाही, बऱ्याच जणींना होतात. बाळालाही डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता मोठी असते, जवळजवळ निम्मी. शिवाय आईचं हृदय आधी तपासावं लागतं. पण होतच नाहीत, हे चूक. पाळी वेळेवर येते?"

"सतरा वर्षांची होते तेव्हा बंद झाली," घडीताई म्हणाली. "दादा म्हणाला, माझ्यासारख्यांची लवकर जाते."

चौदा वर्षं ही माझ्या हाताखाली आहे. बाकीच्या पोरी महिन्याच्या महिन्याला पोट धरून बसतात, ही कधीच बसली नाही, आणि मला एकदाही शंका आली नाही. आम्ही हुशार माणसं.

सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाईंनी पडदा दोनदा निरखला, मग पोटावरचा जुना व्रण. "हा कशाचा?"

"अपेंडिक्सचा. इथेच झालं ऑपरेशन."

"अपेंडिक्सचा व्रण असा नसतो." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "तुमची गर्भपिशवी काढलेली आहे. बाळ तिच्यातच वाढतं. त्यामुळे तुम्हाला मूल होणार नाही."

घडीताईने त्या व्रणावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे चादर बरोबर होती."

"कुठली चादर?" मी विचारलं.

"माझ्या ऑपरेशनची. गुलाबी किनार होती. इथे कामाला लागल्यावर कळलं, पोटवाल्यांना निळी असते. मला वाटलं, धुलाईवाल्यांनी चुकून मला दुसऱ्याची दिली. म्हणून मी कोणाला चुकू देत नाही."

मला तिच्याकडे बघवेना. चूक धुलाईखान्याचीच असणार, असं धरून ही चौदा वर्षं गठ्ठे उपसत होती, आणि आम्ही तिला हसत होतो.

त्याच संध्याकाळी आम्ही दादाच्या घरी गेलो. त्याने बसा म्हटलं, पाणी दिलं. मी विषय काढला तर गडी जराही ओशाळला नाही.

"बाई, तुम्ही समजूतदार आहात," तो मला म्हणाला. "दर महिन्याला हिचं कोणी करायचं? उद्या कोणी गैरफायदा घेतला असता तर? तेव्हाच्या डॉक्टरांनीच सुचवलं, मी सही केली."

"हिला विचारलं होतं?"

"हिला काय कळतंय?"

"बरं. अशांना मुलं होतच नाहीत, असं गावभर सांगत होता ना? होत नाहीत तर पिशवी काढली कशाला?"

त्याने पाण्याचे पेले उचलून बाजूला ठेवले. शाळा चालवणाऱ्या माणसाला एवढ्या सोप्या प्रश्नाचं उत्तर येऊ नये. शेवटी म्हणाला, "तिच्या भल्यासाठीच केलं." असल्या माणसांचं भलं नेहमी दुसऱ्याच्या पोटावर लिहिलेलं असतं.

घडीताई उभीच होती. "दादा, लग्न झाल्यापासून मी तुला विचारत होते, बाळ कधी होईल. तू म्हणायचास, होईल, वाट बघ."

"तुला वाईट वाटू नये म्हणून," दादा म्हणाला.

"मी नावसुद्धा ठरवलं होतं."

तो माझ्याकडे बघू लागला, मी काहीतरी बोलून त्याला सोडवावं म्हणून. मी पायात चपला सरकवल्या. घडीताई दारापाशी थोडा वेळ थांबली, मग जिना उतरू लागली. नाव कोणतं, एवढंही त्याने विचारलं नाही.