फळीला स्क्रू मारू नये

पॉलिशवाली काम मागायला पहिल्यांदा त्या गल्लीत शिरली, तेव्हा तिला वाटलं, आत इमारत पाडतायत. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने कानात बोळे घातले होते आणि गल्लीतल्या कुत्र्यांनी सामूहिक स्थलांतर केलं होतं. वर्कशॉपच्या दारातून डोकावून बघते तर एक टीचभर उंचीचा, हातभर मिशांचा माणूस एका फळीला झापत होता. "तुझ्या सात पिढ्यांत कुणी सरळ वाढलंय का?" आणि फळी बिचारी खाली मान घालून ऐकत होती.

मग तो हिच्याकडे वळला. "तू कोण?"

"पॉलिशवाली."

"उद्यापासून ये. उशीर केलास तर बघ."

ती दहा मिनिटं लवकर गेली. लवकर आली म्हणून बोलणी खाल्ली.

गल्ली त्याला भडकामिस्त्री म्हणायची. चहा गरम आहे म्हणून तो चिडे, आणि चिडता चिडता चहा निवला की त्यावरून पुन्हा चिडे. पण नऊ वर्षं त्याच्याकडे काढल्यावर पॉलिशवालीला कळलं होतं, की हे सगळे किरकोळ राग. ठोक राग एकच: फळीला स्क्रू.

त्याच्या कपाटाची बाजू म्हणजे चार जाड पट्ट्यांची चौकट आणि तिच्या खाचेत नुसती सरकवलेली पातळ फळी. सरस नाही, खिळा नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, त्याला हलायला जागा हवी. खण ज्यावर सरकतो ती आधाराची पट्टी तो चौकटीच्या पुढच्या आणि मागच्या उभ्या पट्टीत कुसवाने, म्हणजे टोकाची जीभ भोकात घुसवून, बसवायचा. पट्टी आणि फळी यांच्यात बोटभर फट राहायची. "ती फट म्हणजे माझी सही," असं तो म्हणायचा. अर्थात ओरडून.

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यासाठी आठ खणांचं कपाट सांगितलं, ते तयार होत आलं आणि नेमकी मिस्त्रीची दाढ दुखायला लागली. दाढेवर चार दिवस आरडाओरडा करून झाला, ती ऐकेना, तेव्हा तो ती उपटायला गेला. वर्कशॉपवर राहिला त्याचा धाकटा भाऊ. तीस वर्षं दादाच्या हाताखाली, आणि गल्लीत अजूनही नाव 'धाकटा'च.

त्या दिवशी डॉक्टरीणबाई कपाट बघायला आल्या. फळी दाबून म्हणाल्या, "अहो, ही तर हलतेय! आणि ही फट कसली? इथे झुरळं संसार थाटतील."

धाकट्याने समजावलं नाही. फटीत लाकडी ठोकळे भरले, सरस ओतला आणि प्रत्येक पट्टीतून थेट फळीत स्क्रू मारले. पॉलिशवाली म्हणाली, "दादा खाऊन टाकतील तुम्हाला."

"दाढ कुठाय आता खायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला तो तोंडात कापसाचा बोळा घेऊन. कपाट बघितलं आणि त्याचा चेहरा विटेसारखा झाला.

"ए आय एअंअ?"

धाकट्याने पॉलिशवालीकडे बघितलं. ती म्हणाली, "विचारतायत, हे काय केलंस."

"गिऱ्हाइकाला सैल आवडत नाही, दादा."

"आआआ!"

"गाढवा म्हणतायत. मी नाही, ते."

मिस्त्रीने बोळा थुंकला. "लाकूड काय तुझ्या बापाचं ऐकतं?"

"बाप एकच आहे आपला."

"उन्हाळ्यात ही फळी उभी तडकेल! काढ सगळं!"

"सरस वाळलाय. काढायला गेलो तर आत्ताच फुटेल. टेम्पो दारात उभा आहे."

"मग तू तरी राहा इथे नाहीतर मी!"

हे वाक्य मिस्त्री महिन्यातून दोनदा म्हणायचा. एरवी धाकटा हसून बिडी पेटवायचा. त्या दिवशी हसला नाही. "तीस वर्षं तूच बरोबर, दादा. मला कधी हलायला जागा ठेवलीस?"

"जागा?" मिस्त्रीने हात पसरले. "एवढं मोठं वर्कशॉप आहे, हल की!"

धाकट्याने ड्रिलमशीन पिशवीत घातलं आणि गेला. कपाटही गेलं.

मिस्त्रीला धाकटा परत हवा होता. पण बोलवायचा कसा, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त बरोबर ठरायचं कसं हे ठाऊक होतं. फळी तडकली की धाकटा कबूल करील आणि येईल, असा त्याचा हिशेब. मग महिन्याच्या महिन्याला कसलातरी खोकला घेऊन तो डॉक्टरीणबाईंकडे जायचा आणि छाती तपासून घेताना डोळे कपाटावर. उन्हाळा लागला आणि फळी वरपासून खालपर्यंत तडकली. पॉलिशवालीला हाताला धरून साक्षीला घेऊन तो धाकट्याच्या दारात उभा राहिला.

"तडकली!" तो ओरडला.

"बरं," धाकटा म्हणाला.

"बरं काय? बोल की, दादा, तू बरोबर होतास!"

"होतास." आणि त्याने दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. मिस्त्री बंद दारावर पाच मिनिटं ओरडत राहिला आणि शेवटी पॉलिशवालीलाच म्हणाला, "चल, इथे काय उभी राहिलीस?"

डॉक्टरीणबाईंनी तडकलेली बाजू भिंतीकडे केली. त्यांची काहीच तक्रार नव्हती. धाकट्याने वेगळं वर्कशॉप टाकलंय. पॉलिशवाली आता त्याच्याकडे काम करते.