फिजिक्सच्या लॅबमधली थरथर

चार फिजिक्सवाले चहाला बसले की पाचवा किस्सा आपोआप येऊन बसतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांत मी भिवंडीच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होतो. तिथले किस्से तर अजून उठायला तयार नाहीत!

प्रधान सर आमचे हेड. वर्गात लोखंडी दांडा उंच धरायचे. "स्थिर दिसतो ना? साफ खोटं! आत एकेक अणू थरथरतोय. तापवा, आणखी थरथरेल."

दिघाशीचा एक विद्यार्थी उठला. "सर, गार केला तं थांबंल?"

"कमी होईल. पण कितीही गार करा, थोडी थरथर उरतेच."

"म्हंजी ह्यो मरतच न्हाय?"

सरांनी दांडा हळूच टेबलावर ठेवला!

*

लॅब अटेंडंट उस्मानभाई नारपोलीचे, आधी लूमवर होते. टांगलेल्या दांड्यावर किल्ली वाजवून तो गरम की गार ते सांगायचे. "गरम लोहा नीचे सुर में बोलता है."

एकदा मी त्यांचे डोळे बांधून तीन दांडे वाजवले. तिन्ही बरोबर! चौथा सुट्टीभर कुलपात पडलेला. तो मी दोऱ्याला धरूनच बाहेर काढला. टण्ण!

उस्मानभाईंनी डोळ्यांवरचा रुमाल सोडला. "ये तो अभी-अभी किसी के हाथ में था."

*

मे महिन्यात नव्या मॅडम धावत स्टाफरूममध्ये आल्या. "लॅबच्या पत्र्यावर कोणीतरी चालतंय!"

सर हसले. "ऊन लागलं की अणू जोरात हलतात, त्यांना जागा जास्त लागते, पत्रा फुगतो आणि वाजतो. इतकंच."

मॅडम निवांत झाल्या. मग सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं!

*

तांब्याची तार तापली की अणूंच्या थरथरीमुळे करंटला अडथळा वाढतो. हे दाखवायला सर तारेची कॉइल मुठीत धरत. मीटरचा काटा शून्यावरून सरकत सातावर थांबे. "बघा, माझ्या हाताची ऊब!"

एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सर हार्ट अटॅकने गेले.

मार्चमध्ये प्रॅक्टिकलची परीक्षा. कॉइल टेबलावर, तिला कोणाचा हात नाही. आणि काटा सरकत सरकत सातावर! मी जोडण्या तपासल्या, पंखा बंद केला, खिडकी लावली. काटा ढिम्म. काटा शून्यावर आल्याशिवाय रीडिंग घेता येईना, परीक्षा देणारी मुलगी रडकुंडीला आली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "रीडिंग नाही तर मार्क नाहीत."

उस्मानभाई पुढे झाले. टेबलाशी वाकून हळूच काहीतरी बोलले. काटा शून्यावर आला.

"काय केलंत?" परीक्षकांनी विचारलं.

"कुछ नहीं, साब. इतनाच बोला, सर, बच्ची का इम्तिहान है. छोड़ दीजिए."