रोहित दाखवणाऱ्या ताई

“थांबा, आधी चोच बघा!” वाहतूक पोलिसासारखा हात आडवा धरून ताई म्हणायच्या आणि खाडीकाठी जमलेली आमची मंडळी मुकाट्याने थांबायची. त्यात माझी बायकोही.

हिला पक्षी दाखवता दाखवता माझी हयात गेली. पांढरं दिसलं की हिच्या लेखी बगळा! मग बाळकुमच्या आमच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, प्राणिशास्त्राच्या या निवृत्त प्राध्यापिका राहायला आल्या आणि थोड्याच दिवसांत ही पहाटे उठून दुर्बीण मागू लागली. माझी दुर्बीण! पिकतं तिथे विकत नाही, हे तुम्हीही आपापल्या घरी अनुभवलं असेल.

एकदा चिखलात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरले होते. ही मलाच शिकवू लागली. “अहो, हे दोन वेगळे आहेत. उंच, फिकट, गुलाबी चोचीला काळं टोक, तो मोठा रोहित. बुटका, चोच काळपट लाल, तो छोटा. कूळ एक, पण वंश निराळे. हो ना ताई?”

“एका आडनावाची दोन घरं,” ताई हसल्या.

हेच मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तेव्हा हिने जांभई दिली होती.

“मोठ्याची जगात सध्या फारशी चिंता नाही,” ताई म्हणाल्या. “छोटा मात्र संकटाजवळ पोचलाय.”

“पण इथे तर तोच जास्त दिसतो!” मी अडवलं.

“दिसतो म्हणून काळजी करायची नाही का, भाऊ? अंडी घालायला त्याला मोजक्याच जागा. त्या गेल्या की तोही जाईल.”

ही त्यांच्याकडे बघत राहिली. माझ्याकडे तिने असं कधी बघितलं नव्हतं. पोटात दुखलं, सरळ सांगतो.

पुढे तर डॉक्टरांनी मला बंद केलेले बेसनाचे लाडू घरात पुन्हा वळले जाऊ लागले. डबा भरून वर जायचा, मला नुसता वास. मी ताईंशी बोलणंच टाकलं. त्यांनी हिच्याकडून निरोप पाठवला, “भाऊंना पक्षी माझ्याआधी दिसतो. फक्त बोलायची घाई फार.” मला राग आला आणि बरंही वाटलं.

गेल्या पावसाळ्यात ताई वारल्या. थंडीत रोहित आले. वाईट वाटत होतंच, पण मनात हेही आलं की आता ही माझ्याबरोबर येईल.

आली. काठावर आम्ही दोघंच होतो. अचानक अख्खा थवा उठला. ही हरखली, काहीतरी सांगायला चटकन वळली. ताई उभ्या राहायच्या, त्या बाजूला.

मी दुसऱ्या बाजूला उभा होतो.