बायनाबाईचं बी

बायनाबाईच्या ल्योकाचं, बंकटचं नाव काढलं की माझं डोकं आजबी तडकतं. शेजारीण हाय मी, सगळं डोळ्यादेखत झालं.

आमच्या भागात पयले जिकडं बघावं तिकडं ज्वारी. कडबा गुरांना, दाणा माणसांना. मग माजलगावच्या धरणाचं पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले. कोरडवाहूत सोयाबीन शिरलं. टीव्हीवर सांगत्यात, देशाची कोठारं धान्यानं भरून वाहत्यात. वाहू द्या. आमी मातर ज्वारी दुकानातून किलोनं आणतो आन रेशनच्या गव्हाच्या पोळ्या खातो.

एकटी बायनाबाई अडून बसली. विहिरीजवळच्या पट्ट्यात दरसाल दगडी ज्वारी पेरायची म्हंजे पेरायची. सासूनं दिलेलं बी. काढणीच्या आधी म्हातारी रानात फिरायची आन भरल्या कणसाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. ती कणसं बियाची. त्याला कुणी हात लावायचा न्हाई. दाणे राखेत कालवून, लिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवायची. गावात कुणाकडंच ते बी उरलं नव्हतं. सुना हसायच्या, म्हातारीला खूळ लागलंय म्हणायच्या. तिनं कुणाला भीक घातली न्हाई.

औंदा पेरणीच्या तोंडावरच तिचा डोळा गेला. मोतीबिंदू पिकला व्हता. अंबाजोगाईला लेकीकडं राहून ऑपरेशन करायचं ठरलं, पर म्हातारी जाईना. शेवटी बंकटनं तिचा हात हातात घेतला. "माय, तुझा पट्टा मी सोता पेरतो. तू बिनघोर जा." माझ्यासमोर म्हणाला. तवा कुठं ती गाडीत बसली.

दिवाळी झाल्यावर परत आली. काळा चष्मा, अंगावर नवं लुगडं, लई खुशीत. मी भेटायला गेले तर जेवायलाच बसली व्हती. सून वनमाला चुलीवरची भाकर वाढत व्हती, पांढरीफेक, पापुद्रा सुटलेली. बायनाबाईनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, आन म्हणाली, "आपलीच चव हाय गं. पेरून उरली व्हय?"

वनमालानं नवऱ्याकडं बघितलं.

"पट्ट्यात ऊस लावलाय माय," बंकट म्हणाला. "सलग रान झालं, पाणी द्यायला सोपं पडतं. बी नुस्तं किड्याला कशाला घालायचं? राख धुऊन, वाळवून दळून आणलं. तुझ्यासाठीच. दुकानातली तुला आवडत न्हाई ना."

मेल्याला वाटत व्हतं, आईची सेवा केली.

म्हातारीच्या तोंडात घास तसाच. गिळता येईना. थुंकावा तर ते अन्न, आन तिनं जल्मात अन्न टाकलं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तिनं तो घेतला न्हाई.

"मूठभर तरी ठेवलं का?" तिनं इचारलं.

"न्हाई."

म्हातारी हळू म्हणाली, "चाळीस वर्सं जपलं रं मी. उपासमार झाली तरी दळलं न्हाई. आन तू ते माझ्याच तोंडात घातलंस."